झिलईला गेलेले देव

देव झिलईला जाऊन पाच दिवस झाले होते, आणि परचुऱ्यांच्या घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. खरं तर संशय यायला एवढंच पुरे होतं. श्रीनिवासराव म्हणजे अंगात ताप असला तरी सोवळं नेसून पाटावर बसणारा माणूस. त्रेचाळीस वर्षांत त्यांची एक पूजा चुकलेली वासंतीला आठवत नव्हती. पण बुधवारी सकाळी ती टेकडीच्या पायथ्यापर्यंत फिरून आली तर घंटा जागेवर, समई जागेवर आणि देव गायब.

“तांबट आळीत दिलेत झिलईला,” वर्तमानपत्रातून डोकं न काढता श्रीनिवासराव म्हणाले.

“मला सांगितलं नाहीत.”

“आत्ता सांगितलं.”

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही, हे वासंतीला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. बाकी लहानसहान गोष्टी तिनं पाहिल्या आणि सोडून दिल्या. मंगळवारी पेन्शनरांच्या सभेहून आल्या आल्या त्यांनी दुपारची दुसरी आंघोळ केली. मग एकाएकी त्यांचा दात दुखायला लागला आणि दिवसाआड दाताच्या डॉक्टरकडे फेऱ्या सुरू झाल्या. आमोद हैदराबादला गेला तोही अचानक, आणि रोज संध्याकाळी व्हिडिओवर दिसणारा मुलगा नुसत्या आवाजावर आला. वासंतीच्या मनात शंका येत होती, नाही असं नाही. पण प्रत्येक शंकेच्या मागे धावायचं नाही, हे शिकायला तिला आठ महिने लागले होते आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. घरच्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.

दोन वर्षांपूर्वी बद्रीनाथला, म्हणजे तिच्या धाकट्या दिराला, कारखान्यात काम करता करता हार्ट अॅटॅक आला. दोन स्टेंट पडले. बद्री दीड महिन्यात बरा होऊन कामावर गेला. दुखणं वासंतीच्या अंगावर राहिलं. सासूबाई ती लग्न होऊन येण्यापूर्वीच गेल्या होत्या. माप ओलांडून ती आत आली तेव्हा दाराआडून जो दहा वर्षांचा मुलगा तिच्याकडे टकमक बघत होता, तो बद्री. नात्यानं दीर, पण वाढवला तिनं. तो आजारातून उठल्यावर ती रोज सकाळी साडेआठला त्याला हडपसरला फोन करायला लागली. “पोचलास का?” मग दुपारी. मग संध्याकाळी. त्यानं उचलला नाही की हात गार पडायचे, श्वास पुरेनासा व्हायचा, कुकरच्या शिट्टीनं छातीत धस्स व्हायचं. सगळ्या तपासण्या झाल्या. काही नाही, सगळं नॉर्मल आहे, असं डॉक्टर म्हणाले. काही नाही म्हटल्यावर तर ती आणखीच घाबरली.

शेवटी ऋचा, तिची सून, तिला कर्वेनगरच्या शेफाली मॅडमकडे घेऊन गेली. श्रीनिवासरावांना ते पसंत नव्हतं. मन मोकळं करायला परकी बाई कशाला, मी आहे की घरात, असं ते म्हणाले. ते घरात होते हे खरंच होतं. आमोदपेक्षा वयानं लहान असलेल्या त्या समुपदेशक बाईंपुढे वासंती दर शुक्रवारी बोलायला लागली आणि बोलता बोलता तिच्या दिवसाला हळूहळू आकार आला. सकाळी फिरणं. चहा एकदाच. दुपारी चार ते सव्वाचार बाल्कनीत बसून काय करायची ती काळजी पोटभर करून घ्यायची. एरवी आली तर तिला सांगायचं, चार वाजता ये. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात, आईचं तेवढं चार ते सव्वाचार उघडं, असं आमोद म्हणायचा. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही, की बद्रीला रोज फोन करायचा नाही. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि गेल्या दोन महिन्यांपासून फक्त रविवारी सकाळी दहाला.

बद्री त्यावर हसला होता. “म्हणजे सोमवार ते शनिवार मी काय वाटेल ते खाऊ शकतो, वहिनी.”

आज रविवार होता. दहाला तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावायचा नाही असा नियम होता. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला, आंघोळीला गेला असेल असं स्वतःला समजावलं आणि हाताला काम हवं म्हणून खालच्या मजल्यावर गोदाबाईंचा डबा परत द्यायला निघाली. रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून त्यात लिंबाचं लोणचं घातलं.

गोदाबाई मूळच्या वारज्याच्याच. ही इमारत उभी होती ती जमीन एके काळी त्यांच्या घरची ज्वारीची होती. बाई पंचाहत्तरीच्या, बोलायला मोकळ्या, पण चौकशा न करणाऱ्या. दार उघडंच होतं. डबा ठेवायला वासंती ओट्याकडे वळली आणि कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. खंडोबाच्या टाकाशेजारी, ताज्या शेवंतीच्या फुलांत तिची अन्नपूर्णा बसली होती. अन्नपूर्णा घरोघर सारखीच असते, पण हिच्या हातातली पळी वाकलेली होती. वासंतीनं माहेरून आणलेली ही मूर्ती बद्रीनं पहिल्याच महिन्यात खेळायला घेऊन पाडली होती आणि मार बसेल म्हणून दोन तास माळ्यावर लपून बसला होता. शेजारी बाळकृष्ण होता, शाळिग्राम होता, सगळेच होते. झिलई कुणालाच झालेली नव्हती.

“हे इथं कधीपासून?” वासंतीनं विचारलं.

“बुधवारधरनं,” गोदाबाई म्हणाल्या. “तुमी फिराया गेलावता. मालक म्हनले, आमाला सुतक हाय, देवाला शिवता यायचं न्हाई, तवा दहा दिस तुमी फूलपानी करा. मी येऊन उचलून आनलं.” मग वासंतीचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. “तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?”

दहा दिवसांचं सुतक म्हणजे भाऊबंदातलं. आणि परचुऱ्यांचे भाऊबंद आता होते किती? आमोदचा आवाज ती रोज ऐकत होती, ऋचा रोज दिसत होती. उरलं कोण हे मोजायला बोटं लागली नाहीत.

कानात घूं असा आवाज भरला. गोदाबाईंनी तिला धरून खाली बसवलं. तिनं दोन्ही तळवे फरशीवर टेकले, कारण शेफाली मॅडमकडे तेवढं शिकली होती की अशा वेळी हाताखाली जे आहे ते धरायचं. फरशी गार होती. श्वास अडकला, सुटला, पुन्हा अडकला. गोदाबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या शेजारी बसून राहिल्या. हा क्षण वासंतीनं दोन वर्षांत शेकडो वेळा पाहिला होता आणि दर वेळी त्यात तीही संपत होती. आता तो खरोखर आला होता, आणि ती शेजारणीच्या फरशीवर बसून पाणी पीत होती. जिवंत होती. त्याचाही तिला राग आला.

कितीतरी वेळानं तिला दुसरंच काही सुचलं. बद्रीनं हडपसरच्या शेतकरी घरातल्या विजयमालेशी लग्न केलं, त्यानंतर दोन वर्षं श्रीनिवासरावांनी तिला देवघराला हात लावू दिला नव्हता. आणि आज तेच देव, अडीनडीला, गोदाबाईंच्या खंडोबाशेजारी बसले होते. सोय माणसाला केवढं उदार करते.

ती वर आली तेव्हा बारा वाजून गेले होते. आमोद आणि ऋचा आले होते. जेवायला म्हणून आले होते, पण स्वयंपाकघरात कुणी गेलं नव्हतं. तिघं हॉलमध्ये डोकी जवळ आणून बोलत होते. तिला पाहताच बोलणं तुटलं. हैदराबादहून आलेल्या मुलानं घरात टोपी घातलेली होती.

“टोपी काढ, आमोद,” ती म्हणाली.

आमोदनं वडिलांकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे काय बघतोस? मी सांगतेय. काढ.”

त्यानं टोपी काढली. डोक्यावर पाच-सहा दिवसांचे खुंट आले होते. त्यानं क्षौर केलं होतं म्हणजे अग्नी त्यानं दिला होता. बद्रीला मुलगा नव्हता, सलोनी एकटीच, तेव्हा ते पुतण्याकडे येणार हे उघड होतं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथं तर बिचाऱ्यानं नुसती टोपी घातली होती.

“आधी बस तू,” श्रीनिवासराव उठून उभे राहिले. “ऋचा, ती गोळी आण.”

“गोळी नको. कधी?”

“मंगळवारी,” आमोदच म्हणाला. “सकाळी आठच्या सुमाराला. बसस्टॉपवर उभा होता काका. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. त्याला त्रास झाला नाही, आई.”

आठच्या सुमाराला. ती साडेआठला फोन करायची. आठ महिन्यांपूर्वीची वासंती असती तर त्या फोनवर दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला असता आणि नऊ वाजता ती हडपसरच्या वाटेवर असती. त्यानं काही वाचलं नसतं, पण तिला त्याचं तोंड दिसलं असतं. हा विचार आता कितीतरी दिवस येत राहणार हे तिला कळून चुकलं. चार वाजेपर्यंत थांबेल असा तो नव्हता.

श्रीनिवासरावांनीही नेमकं तेच उचललं. रोजचे फोन बंद झाले होते ही देवाचीच कृपा, नाहीतर त्याच दिवशी तिथं कोसळली असतीस, असं ते म्हणाले. मग आपोआपच सगळं बाहेर यायला लागलं. पेन्शनरांची सभा आणि दाताचा डॉक्टर म्हणजे हडपसरच्याच फेऱ्या होत्या, आणि आमोद हैदराबादला गेलाच नव्हता. देव हलवले ते ती फिरायला गेली तेव्हा. हडपसरचे फोन घेतले ते ती चार वाजता बाल्कनीत बसली तेव्हा. शुक्रवारी ती कर्वेनगरला गेली त्या तासात भटजींशी दहाव्याचं ठरवून झालं. तेरावं उरकल्यावर तिला बेताबेतानं सांगायचं असा विचार होता. वासंती ऐकत राहिली. जगायला बळ यावं म्हणून आठ महिने खपून तिनं ज्या सवयी लावून घेतल्या होत्या, त्यांच्याच फटीत यांनी बद्रीचा मृत्यू दडवून ठेवला होता.

“मी बुधवारीच म्हटलं होतं, सांगू या,” ऋचा म्हणाली. सासऱ्यांसमोर तिचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. “बाबा, मी तुम्हाला हात जोडून म्हटलं होतं. आमोदनं शेफाली मॅडमना फोनही केला, सांगायचं की नाही म्हणून. काय म्हणाल्या त्या? सांग ना, आमोद.”

आमोद टोपी हातात फिरवत होता. “म्हणाल्या, तुमच्या आईंविषयी मी त्यांच्या माघारी बोलणार नाही. जे काही असेल ते त्यांना सांगा, मग त्यांना वाटलं तर त्या मला फोन करतील.” तो थांबला. “तिथंच मला कळायला हवं होतं. सॉरी, आई.”

इतका वेळ तो वडिलांच्या सोफ्यावर बसला होता. आता उठून तो तिच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. श्रीनिवासरावांनी ते पाहिलं.

“विजयमालेला काय सांगितलंत?” वासंतीनं विचारलं.

ऋचानं सासऱ्यांकडे पाहिलं. तिनं पुन्हा विचारलं.

“तुला कळवलंय म्हणून सांगितलं,” श्रीनिवासराव म्हणाले. “आणि तू अंथरुणावर आहेस, कुणी फोन करू नये, म्हणून.”

मेल्याच्या बातमीनं आलं नव्हतं ते पाणी आता वासंतीच्या डोळ्यांत आलं. चोवीस वर्षांपूर्वी बद्रीच्या लग्नाला या घरातून एकटी ती गेली होती. विजयमालेच्या सासरचं माणूस म्हणून मांडवात उभी राहिलेली ती एकटीच. आज सहा दिवस ती पोर नवऱ्याच्या फोटोसमोर बसली होती आणि वहिनीला कळलंय, तरी वहिनी आली नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

“दोन वर्षं,” वासंती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता आणि तिनं तो थरथरू दिला. “दोन वर्षं ज्या दिवसाला मी रोज भ्याले, तो दिवस आला. तेव्हा तुम्ही सगळे हजर होतात. मी सोडून.”

श्रीनिवासराव खुर्चीत बसले. एकोणसत्तराव्या वर्षीही ताठ असलेला तो माणूस बसला तेव्हा एकाएकी लहान दिसायला लागला. “एका आठवड्यात दोन माणसं घालवायची होती का मी?” ते म्हणाले. “तो तर गेलाच होता. तू ऐकलंस आणि तुझंही काही झालं असतं, तर मी कुणाकडे बघायचं होतं?”

त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर थडथडत होती. वासंतीला ती थडथड चांगली ओळखीची होती.

“म्हणजे भीती तुम्हाला वाटली,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. “वाटली. अजून वाटतेय.”

त्रेचाळीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती त्यांच्याजवळ बसली असती. देवाशी खोटं वागायला यांचं मन धजलं नाही, बायकोशी धजलं, हे ती इतक्यात विसरणार नव्हती. पण तेही आता नंतर.

“मला हडपसरला जायचंय. आत्ता,” ती म्हणाली.

“तिथं गेल्यावर तुला काही झालं तर?”

“होईल ते होईल. तिथंही माणसं आहेत.”

गाडी आमोदनं काढली. श्रीनिवासराव न विचारता गाडीत बसले. वाटेत मार्केट यार्डाशी ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा वासंतीच्या छातीत पुन्हा धडधड वाढली. आमोदनं गाडी बाजूला घेऊ का विचारलं. ती म्हणाली, धडधडू दे, तू चल. ऋचानं तिचा हात धरला आणि तो गार हात तिनं हडपसर येईपर्यंत सोडला नाही.

विजयमालेच्या माहेरच्या बायका खोलीभर बसल्या होत्या. वासंती दारात दिसली तशी कुजबुज थांबली. भिंतीशी दिवा होता, बद्रीचा हसरा फोटो होता, आणि विजयमाला त्याच्या बाजूला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं मान वर केली. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांत ओळख होती, पण माया नव्हती.

“आलात?” ती म्हणाली. “बरं वाटतंय का आता?”

सगळी खोली ऐकत होती. मला कुणी सांगितलंच नाही, एवढे शब्द वासंतीच्या जिभेवर आले होते. ते बोलली असती तर ती सुटली असती, आणि चोवीस वर्षांपूर्वीसारखंच परचुऱ्यांचं नाक याच माणसांसमोर पुन्हा कापलं गेलं असतं. न बोलावं तर विजयमाला तुटत होती. ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली.

“तिला माहीत नव्हतं,” मागून आवाज आला. श्रीनिवासराव चप्पल काढून आत आले होते. “तुम्हाला मी खोटं सांगितलं. ती आजारी नव्हती. तिला सोसणार नाही असं मीच ठरवलं आणि सहा दिवस लपवून ठेवलं. तिचा काही दोष नाही, विजयमाला. माझा आहे.”

त्यांनी हात जोडले. ज्या घरच्या लग्नाला ते आले नव्हते, त्या घरच्या माणसांसमोर जोडले.  विजयमालेच्या वृद्ध वडिलांनी थोड्या वेळानं शेजारची सतरंजी हातानं सारखी केली, आणि श्रीनिवासराव तिथं जाऊन बसले.

वासंती विजयमालेजवळ बसली. विजयमालेनं आधी तिचं मनगट धरलं, मग दंड धरला, आणि मग तिच्या मांडीवर कपाळ टेकून ती हमसून हमसून रडली. वासंतीही रडली. दोघींचं रडणं ओसरलं तेव्हा विजयमाला तशीच पडल्या पडल्या म्हणाली, “वहिनी, मला लई भीती वाटती.”

खोली एकदम जागी झाली. घाबरू नको गं, एक आत्या म्हणाली. आम्ही आहोत ना. देवावर भार टाक. लेकीकडं बघ आणि धीर धर. दारापाशी उभ्या असलेल्या सलोनीनं मान खाली घातली. बायका एकीमागून एक बोलत राहिल्या, सगळं मायेनं आणि मनापासून, आणि वासंतीच्या मांडीवरचं डोकं प्रत्येक वाक्याला थोडं थोडं घट्ट होत गेलं.

वासंतीनं हात वर करून त्यांना थांबवलं. घरात एवढी माणसं होती, पण भीतीची पुरती माहिती असलेलं त्यांत तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

“कशाची वाटते?” तिनं विचारलं. “एकेक सांग. घाई नाही.”

विजयमालेनं पदरानं नाक पुसलं.

“सकाळची,” ती म्हणाली. “सहाला जाग येती आन् आदी वाटतं, हायेत. मग आठवतं. रोज नव्यानं आठवतं. रात्री झोपतानाच मला त्या सहाची भीती वाटाया लागती.”

“हं,” वासंती म्हणाली. तिचे स्वतःचे हात अजून कापत होते. तसेच ते विजयमालेच्या केसांतून फिरत राहिले. “आणखी?”